‘हॅव’ची विभक्ती

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की इंग्रजीतलं कुठलं क्रियापद तुम्हाला सगळ्यात जास्त छळतं. ‘गेट’चा नंबर पहिला लागेल अशी माझी खात्री होती, त्याची तयारीही करून ठेवली होती. पण गठ्ठा सोडला तर निम्म्याहून जास्त पत्रं ‘हॅव’ची. पहिल्या पुस्तकात भेटलेलं क्रियापद माणसाची निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही असं दिसतंय. भाषांतर आणि मुद्रितशोधन यांवर मी आयुष्य काढलं. यातल्या बहुतेक खड्ड्यांत मी स्वतः पडून आले आहे, तेव्हा कुणाला हसणार नाही. एका पत्राला हसले, ते पुढे येईलच.

बाई, मुलाखतीत मी ‘आय ॲम हॅविंग थ्री सिस्टर्स’ असं म्हणालो. समोरच्यांपैकी एक जण गालात हसले. शब्दकोशात ‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणे, बाळगणे’. तीन बहिणी आहेत म्हणजे आहेत. मग चूक नेमकी कुठे झाली? — एक उमेदवार

चूक ‘हॅविंग’मध्ये आहे, पण तिचं मूळ शब्दकोशातल्या त्या नोंदीत आहे. तिथूनच सुरुवात करू.

मराठीत ‘हॅव’ला क्रियापदच नाही. ‘बाळगणे’ आहे खरं, पण आपण बाळगतो ते शस्त्र, मौन, आशा, फार तर भीती. बहीण कोणी बाळगत नाही. आपण काय करतो, तर ‘असणे’ हे एकच क्रियापद हाताशी धरतो आणि बाकीचं सगळं काम विभक्तीवर नाहीतर शब्दयोगी अव्ययावर सोपवतो. मला तीन बहिणी आहेत. माझ्याकडे गाडी आहे. छत्री माझ्याजवळ आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत. तिच्यात धमक आहे. त्याच्या अंगात कला आहे. माझ्यावर जबाबदारी आहे. माझं तुमच्याकडे एक काम आहे. नात्याला ‘ला’, मालकीला ‘कडे’, हाताशी असेल त्याला ‘जवळ’, गुणाला ‘त’, ओझ्याला ‘वर’. ही सगळी वाक्यं इंग्रजीत नेलीत तर प्रत्येक ठिकाणी एकटं ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ उभं राहील. म्हणून ‘हॅव’चा अर्थ क्रियापदांत शोधू नका, विभक्तीत शोधा. गेली कित्येक वर्षं मी होतकरू भाषांतरकारांना हे एवढंच सांगत आले आहे.

या वाक्यांत कर्ता कोण आहे तेही बघा. एक बहीण ‘आहे’, तीन बहिणी ‘आहेत’. क्रियापद बहिणींच्या मागे जातं, माझ्या मागे येत नाही. मराठीत माणसं आणि वस्तू आपापल्या असतात आणि माझ्या आसपास कुठेतरी असतात. इंग्रजीत मी कर्ता होऊन बसतो आणि बहिणींचं कर्म होतं. आपली रीत जगावेगळी आहे असं मात्र मुळीच नाही. संस्कृतात ‘मम पुत्रः अस्ति’. लॅटिनमध्ये ‘मिही एस्त’, म्हणजे शब्दशः ‘मला आहे’. रशियन माणूस ‘माझ्यापाशी आहे’ या धाटणीने बोलतो, आयरिशमध्येही पुस्तक ‘माझ्यापाशी’ असतं. एमिल बेनव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाचा १९६० सालचा एक फ्रेंच निबंध याच विषयावर आहे. ‘मला आहे’ हीच जास्त पसरलेली रीत, ‘हॅव’सारखं क्रियापद बाळगणाऱ्या भाषा थोड्या, असं त्याने त्यात मांडलंय. हे वाचल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.

आता ‘हॅविंग’. इंग्रजी ‘आयएनजी’ लावते ते करण्याला. नुसत्या असण्याला, ठाऊक असण्याला, मालकीला लावत नाही. म्हणून ‘आय ॲम नोइंग’ चालत नाही आणि ‘आय ॲम हॅविंग थ्री सिस्टर्स’ही चालत नाही. ‘आय हॅव थ्री सिस्टर्स’ म्हणा आणि मोकळे व्हा. पण ‘वी आर हॅविंग लंच’, ‘दे आर हॅविंग अ मीटिंग’, ‘आय ॲम हॅविंग ट्रबल विथ माय फोन’ ही वाक्यं अगदी बरोबर आहेत, कारण इथे ‘हॅव’ म्हणजे ‘असणे’ राहिलेलं नाही. जेवणं चाललंय, बैठक चाललीय, फोनशी झटापट चाललीय. माझी पारख अशी: मनातलं मराठी वाक्य बघायचं. ‘आहे’च्या आधी दुसरं क्रियापद असेल (जेवतो आहे, बैठक चालली आहे) तर ‘हॅविंग’. ‘आहे’ एकटंच असेल (बहिणी आहेत, ताप आहे, शंका आहे) तर साधं ‘हॅव’. ही पारख क्वचितच फसते.

आपण हटकून ‘हॅविंग’ का म्हणतो, याबद्दल माझा आपला एक तर्क आहे. वाक्याच्या शेवटी ‘आहे’ आला की आपला हात आधी ‘ॲम’कडे जातो. ‘ॲम’ लिहून झाला की ‘हॅव’ला कुठेतरी बसवायचं राहतंच, मग त्याला शेपूट लावून बसवतो.

ही सवय लवकर मोडा म्हणते त्याला कारण आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ याचा अर्थ तिला बाळ आहे असा होत नाही, होणार आहे असा होतो. ‘आय ॲम हॅविंग टू डॉटर्स’ असं एखादी आई सहज बोलून गेली तर ऐकणारा तिला बसायला खुर्ची देईल.

उलट दिशेचा अपघात मला जास्त सलतो. ‘माझ्याकडे एक प्रश्न आहे’ असं आता चांगली शिकलेली माणसं उभी राहून म्हणतात. अहो, ‘मला एक विचारायचंय’ म्हणा! ‘माझ्याकडे दोन मुलं आहेत’ म्हटलं तर ती कोणीतरी सांभाळायला ठेवली आहेत असं वाटतं. एका अनुवादित कादंबरीच्या मुद्रितात नायिका म्हणत होती, ‘माझ्याकडे नवरा आहे.’ मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘परत कधी न्यायला येणार?’ अनुवादकाने वाक्य बदललं, पण त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता.

‘मी काल बँकेत गेले होते’ याचं मी ‘आय हॅड गॉन टू द बँक येस्टरडे’ असं करते आणि आमचे साहेब दर वेळी ‘हॅड’ खोडून ‘वेंट’ करतात. ‘होते’ आहे तर ‘हॅड’ नको का? — नोकरी करणारी वाचक

साहेबांचं बरोबर आहे. पण नुसतं खोडण्याऐवजी त्यांनी कारण सांगितलं असतं तर तुमचा आणि त्यांचा, दोघांचाही वेळ वाचला असता.

आपल्या ‘गेले होते’मध्ये एक निराळीच खुबी आहे. ‘ती बँकेत गेली’ म्हटलं तर ती अजून तिथे असू शकते. ‘गेली होती’ म्हटलं की गेली, काम झालं, परतही आली, विषय संपला. काल दुपारी कुठे होतात, या प्रश्नाला म्हणूनच ‘बँकेत गेले होते’ हे उत्तर शोभतं. इंग्रजी ‘हॅड’ ते सांगत नाही. ‘हॅड गॉन’ म्हणजे झालेल्या दोन गोष्टींतली आधीची. दुसरी गोष्ट सांगितलीच नाही, तर ऐकणारा तिची वाट बघत राहतो. तुमचे साहेब ते वाक्य वाचून मनात म्हणत असतील, गेल्या होत्या, मग? मग काय झालं? ‘आय हॅड ऑलरेडी गॉन टू द बँक व्हेन यू कॉल्ड’, असं दुसरं टोक बांधलंत की ‘हॅड’ला काम मिळतं. एरवी नुसतं ‘वेंट’.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याचा जुळा भाऊही इथेच उरकून टाकते. ‘मी त्यांना काल पत्र पाठवलं आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य. ‘आय हॅव सेंट द लेटर येस्टरडे’ मात्र इंग्रजी कानाला खटकतं. तिथला ‘हॅव’ आजच्या दाव्याला बांधलेला आहे. काल, परवा, २०१९ साली, दोन दिवसांपूर्वी असा संपलेला काळ त्याच्या शेजारी बसत नाही. ‘येस्टरडे’ ठेवायचं असेल तर ‘आय सेंट’. ‘हॅव’ ठेवायचं असेल तर ‘येस्टरडे’ला घरी पाठवा.

मुळात मालकीचं क्रियापद काळ दाखवायच्या कामाला लागलं तरी कसं? ही गोष्ट मला फार आवडते. जुन्या इंग्रजीत लोक ‘माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं’ अशा धाटणीचं वाक्य बोलत. पत्र खरोखर हातात असे. बोलता बोलता ‘लिहिलेलं’ हा शब्द ‘हॅव’च्या जवळ सरकला, मालकी झिजत गेली आणि काम पुरं झाल्याचा अर्थ तेवढा उरला. तो इतका उरला की आता ‘आय हॅव लॉस्ट द की’ असंही म्हणता येतं. हातात किल्ली नाही, आणि तोंडात ‘हॅव’! हसू नका, आपणही तेच करतो. ‘पत्र लिहून ठेवलंय’ म्हणजे लिहिलं आणि खरंच कुठेतरी ठेवलं. पण ‘त्याने सगळा घोळ घालून ठेवलाय’ यात कोणी काय ठेवलं? ‘ठेवणे’ झिजून गेलं, उरला तो निस्तरायचा निकाल.

‘हॅड हॅड’ असं लागोपाठ दोनदा लिहिलं तर चालतं का? संगणक त्याच्याखाली रेघ मारतो. — इयत्ता आठवी

चालतं. संगणकाला वाटतं तुझा हात चुकून दोनदा पडला. पहिला ‘हॅड’ मदतनीस, दुसरा खरा काम करणारा. ‘शी हॅड हॅड द सेम डाउट बिफोर’, तिला आधीही हीच शंका आली होती. ‘आली होती’ हे दोन शब्द आपल्याला खटकत नाहीत, कारण ते वेगवेगळे दिसतात. एवढंच.

आणि तुझ्या वयाला साजेसं एक जुनं कोडं देते. जॉनने उत्तरात ‘हॅड’ लिहिलं, जेम्सने ‘हॅड हॅड’ लिहिलं, बाईंना जेम्सचं जास्त आवडलं. आता वाच: जेम्स, व्हाइल जॉन हॅड हॅड ‘हॅड’, हॅड हॅड ‘हॅड हॅड’, ‘हॅड हॅड’ हॅड हॅड अ बेटर इफेक्ट ऑन द टीचर. मोज, सलग ११ आहेत. वर्गात फळ्यावर लिहून बघ, पण माझं नाव सांगू नकोस.

मुलीला दोन दिवस रजा हवी होती म्हणून मी मुख्याध्यापिकांना ‘यू हॅड बेटर गिव्ह हर लीव्ह’ असं नम्रपणे लिहिलं. रजा लगेच मिळाली, पण तेव्हापासून त्या माझ्याशी जरा जास्तच जपून बोलतात. काही चुकलं का? — एक पालक

हेच ते पत्र. हसले, माफ करा.

‘बेटर’ म्हणजे जास्त बरं, म्हणून ‘रजा दिलीत तर बरं होईल’, असा तुमचा हिशोब झाला असणार. इंग्रजीत तुम्ही लिहिलंत ते असं: मुकाट्याने रजा द्या, नाहीतर माझ्याशी गाठ आहे. ‘हॅड बेटर’च्या पोटात कायम एक ‘नाहीतर’ दडलेलं असतं. डॉक्टर रोग्याला म्हणतात, आई मुलाला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो. बरोबरीत नाहीतर वरून खाली. खालून वर कधीच नाही. स्वतःला म्हणायला मात्र हरकत नाही: ‘आय हॅड बेटर गो’, निघायला हवं आता. आणि ‘हॅड’ दिसला तरी यात भूतकाळ औषधालाही नसतो. बोलणं नेहमी आत्ताचं किंवा पुढचंच.

तुम्ही एकटे नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्याहून तीन पायऱ्या वरच्या साहेबांच्या टेबलावर मी चिठ्ठी ठेवली होती, ‘यू हॅड बेटर साइन धिस टुडे’. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, काही न बोलता सही केली आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. अर्थ मला दोन वर्षांनी कळला. तोवर त्यांची बदली झाली होती, त्यामुळे क्षमा मागायची राहिली ती राहिलीच. तुमच्या मुख्याध्यापिका जागेवर आहेत. ‘कुड यू प्लीज’ने सुरू होणारं एक आभाराचं पत्र धाडा.

माझा भाचा ‘हॅव टू’ न म्हणता ‘हॅफ टू’ म्हणतो. त्याला टोकू का? — मामा

टोकू नका, तो बरोबर म्हणतो. पुढे ‘ट’ आला की त्याच्या संगतीने ‘व्ह’चा ‘फ’ होतो. ‘हॅज टू’चंही बोलताना ‘हॅस टू’ होतं. जोडून आलेले वर्ण एकमेकांना आपल्यासारखं करून घेतात. ‘भगवत्’ आणि ‘गीता’ जवळ आल्या की ‘भगवद्गीता’ होते, तसंच हे, फक्त उलट्या दिशेने.

गंमत अशी की हा ‘फ’ भाग असण्याच्या, सक्तीच्या अर्थापुरताच येतो. ‘धिस इज ऑल आय हॅव टू गिव्ह’ हे वाक्य ‘व्ह’ने म्हटलं तर ‘देण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे’; ‘फ’ने म्हटलं तर ‘मला एवढंच द्यावं लागणार आहे’. कागदावर दोन्ही सारखी. एकात गरिबी आणि एकात सुटका, आणि फरक एका वर्णाचा.

भाच्याशी या विषयावर बोलणं निघालंच, तर ‘नको’ची भानगडही सांगा. ‘उद्या तू यायला नको’ याचे मराठीत दोन अर्थ होतात: येण्याची गरज नाही, किंवा येऊच नकोस. पहिल्याला इंग्रजीत ‘यू डोन्ट हॅव टू कम’, दुसऱ्याला ‘यू मस्ट नॉट कम’. यांची अदलाबदल झाली तर सवलतीची मनाई होते. मीटिंगचं आमंत्रण पाठवताना तर हे फारच जपायला हवं.

‘आय कट माय हेअर’ म्हटल्यावर एका परदेशी सहकाऱ्याने ‘छान, स्वतः कापलेस?’ असं विचारलं. टोमणा होता का? — एक वाचक

नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं. ‘मी केस कापले’ म्हटलं की मराठीत कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे कुणी सांगावं लागत नाही. ‘मी घर बांधलं’ म्हणणाऱ्याला आपण, विटा तू रचल्यास का, असं विचारत नाही. इंग्रजीत विचारतील. तिथे ‘आय हॅड माय हेअर कट’, ‘आय हॅड द कार रिपेअर्ड’. आपलं ‘कापून घेतले’, ‘दुरुस्त करून घेतली’, तेच हे. क्रम तेवढा सांभाळा, वस्तू मध्ये आणि काम शेवटी. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणालात तर पुन्हा कात्री तुमच्याच हातात येईल, शिवाय वरच्या ‘बँकेत गेले होते’च्या घोळातही सापडाल.

एक विचित्र गोष्ट सांगून ठेवते. ‘आय हॅड माय फोन स्टोलन’ म्हणजे मी फोन चोरून घेतला असा अर्थ होत नाही; माझा फोन चोरीला गेला. साचा तोच, पण करवून घेणारा इथे बिचारा सोसणारा झाला. कोणता अर्थ हे ऐकणाऱ्याने अकलेने ठरवायचं.

‘हॅव’ हा शब्द लॅटिन ‘हाबेरे’वरून आला ना? दोन्हींचा अर्थ एकच आहे आणि रूपही सारखं. — निवृत्त शिक्षक

सर, दिसतं तसं, आणि मीही बरीच वर्षं तसंच मानत होते. पण हे दोघे चेहऱ्याने सारखे असलेले परके आहेत. याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेला नियम आठवा: लॅटिनमध्ये जिथे ‘क’, तिथे इंग्रजीच्या कुळात ‘ह’. लॅटिन ‘केन्तुम’ ते ‘हंड्रेड’ (आपलं ‘शत’ त्याच घरचं), ‘कोर्नू’ ते ‘हॉर्न’. त्या हिशोबाने ‘हॅव’चा लॅटिन भाऊबंद ‘क’ने सुरू व्हायला हवा, आणि तो आहे ‘कापेरे’: धरणे, पकडणे. ‘कॅप्चर’ आणि ‘कॅप्टिव्ह’ त्याचीच लेकरं. ‘हाबेरे’चं नातं लावतात ते चक्क ‘गिव्ह’शी. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या वेशात फिरताहेत!

म्हणजे ‘हॅव’ मुळात शांतपणे ‘असणारा’ शब्द नव्हताच, मूठ आवळून धरणारा होता. ‘बिहेव’मध्ये ती मूठ अजून दिसते. ‘बी’ हा उपसर्ग आणि ‘हॅव’ मिळून झालेला तो शब्द, स्वतःला धरून असणे. आपण मुलाला ‘जरा आवर स्वतःला’ म्हणतो, त्याच्या फार जवळ जातो तो.

‘हॅव अ नाइस डे’ला मराठीत काय म्हणावं? — बरेच जण

‘तुमचा दिवस छान जावो’ असं छापलेलं दिसतं. समोरासमोर ते म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. मी ‘बरंय, येते’ म्हणते.

पुढच्या अंकात ‘गेट’. तयारी करून ठेवलेलीच आहे.